फक्कीच्या रेषा

"आमचे पप्पा सगळ्या गावाचे आहेत, फक्त घरचे नाहीत."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने हे वाक्य टाकलं. घरून ठरवून आणलेलं असावं. शाळेत शिकवणारी, पंचेचाळिशीची, दोन मुलांची आई. वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. १९७१च्या युद्धातले, आणि ती माझ्याकडे आली तेव्हा वयही एकाहत्तरच. निवृत्तीनंतर काही वर्षं कारखान्यात नोकरी केली आणि ती सुटल्यापासून चर्च. चर्चमध्ये मयत झालं की खड्ड्यापासून फुलांपर्यंत सगळं हेच बघणार. कुणाला रक्त हवं, कुणाला ससूनला न्यायचंय, कुणाच्या पोराला फीचे पैसे कमी पडलेत, की फोन यांना. २०२१च्या एप्रिलमध्ये जवळचे नातेवाईकही अंत्यविधीला जायला घाबरत होते, तेव्हा हा माणूस रोज दफनभूमीत उभा होता. मंडळीत सगळे त्यांना 'हवालदार' म्हणतात. नाव बऱ्याच जणांना माहीतही नाही.

"हे सगळं चांगलंच आहे हो," ती म्हणाली, "पण माझ्या लग्नात पप्पा पंगतीत वाढत होते. माझ्याजवळ उभे नव्हते. ही सेवा आहे की आजार, तेवढं मला सांगा."

मी समुपदेशक, हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. दरवेळी माजी सैनिकाच्याच घरून येतो असं नाही. कुणाचे वडील वारीच्या दिंडीत, कुणाची आई महिला मंडळात, कुणाचा नवरा गणपती मंडळात पार बुडालेला. पण सैनिकाच्या घरून येतो तेव्हा त्यामागे आणखी एक प्रश्न असतो आणि तो विचारायला घरचे घाबरतात: युद्धात काय झालं होतं? तेच विसरण्यासाठी तर ही धावपळ नाही ना?

पुढचं लिहायला हवालदारकाकांची आणि त्यांच्या घरच्यांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लेक माझ्याकडे आली त्याला निमित्त होतं गुडघ्याचं ऑपरेशन. उजवा गुडघा बदलला. तिसऱ्या रात्री नर्सने घरी फोन केला. काका पलंगावरून उतरून ऑपरेशन झालेल्या पायासकट फरशीवर पालथे पडले होते आणि चमच्याची दांडी फरश्यांच्या सांध्यात तिरकी घालून बघत होते. एका फरशीचं झालं की पुढची. कुणी जवळ यायला लागलं की दबक्या आवाजात म्हणायचे, "थांब. पाय टाकू नको."

इथे एक गोष्ट आधी सांगते, कारण ती चुकली की बाकी सगळं चुकतं. म्हातारं माणूस ऑपरेशननंतर असं भरकटलं, तर पहिला फोन समुपदेशकाला करायचा नाही. याला डिलिरियम म्हणतात. रक्तातलं सोडियम उतरणं, लघवीतला जंतुसंसर्ग, भुलीचा किंवा दुखण्यावरच्या गोळ्यांचा परिणाम, यांतलं काहीही कारण असू शकतं आणि त्यावर डॉक्टरच इलाज करतात. काकांचं सोडियम खरंच कमी होतं. चार दिवसांत ते पूर्ववत झाले. तारीख, वार, नातवाची इयत्ता, सगळं बरोबर सांगायला लागले.

पण सोडियम भरून आलं तरी काका काही पहिल्यासारखे झाले नाहीत. सहा आठवडे घरात बसून काढायचे होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातली सगळी बिजागरं तेल घालून घेतली. दुसऱ्या आठवड्यापासून बोलणं कमी झालं. झोप दोन तासांची. झोपेत लाथा झाडायचे, इतक्या की काकूंनी गादी खाली घातली. नातवाने दिवाळीतला उरलेला एक फटाका गच्चीवर लावला तर काका स्वयंपाकघरात ओट्याखाली बसलेले सापडले, आणि बाहेर आल्यावर कुणाकडे न बघता म्हणाले, "चमचा पडला होता."

माझ्याकडे आले तेव्हा काठी होती. दारात पायपुसणं आहे. काकांनी काठीच्या टोकाने त्याचा कोपरा उचलला, खाली पाहिलं, सोडला आणि मग पाय ठेवला. मी ते पाहिलं आणि, खरं सांगायचं तर, म्हातारपणी पडायची भीती वाटत असेल म्हणून सोडून दिलं.

पहिल्या दोन भेटींत काका माझ्याशी अतिशय अदबीने वागले आणि त्यांनी मला काहीही सांगितलं नाही. "सगळं ठीक आहे मॅडम. प्रभूची कृपा." काकू सोबत होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "त्यांची मंडळी तिकडे चर्चमध्ये. मी आपली नुसती बायको." मी ख्रिस्ती नाही. आमच्याकडे 'मंडळी' म्हटलं की बायकोच, त्यामुळे हा टोमणा मला पोचायला जरा वेळ लागला. पोचला तेव्हा हसू आलं, काकूंना मात्र नाही आलं.

आता माझी चूक.

घरच्यांचं ऐकून माझंही मत झालं की हा माणूस कामाआड लपलाय. काम हे त्याचं व्यसन, ते कमी केलं की आतलं वर येईल आणि मग त्यावर बोलता येईल. कागदावर हे बरोबर दिसतं. मी घरच्यांना सुचवलं की पाळकसाहेबांशी बोलून काकांवरच्या जबाबदाऱ्या काही महिने काढून घ्या. पाळकसाहेब भले गृहस्थ. त्यांनी तो प्रसंग गौरवाचा केला. रविवारच्या उपासनेनंतर शाल, पुष्पगुच्छ, टाळ्या, आणि काचेत बसवलेलं एक वचन. ८४व्या स्तोत्रातलं, दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा देवाच्या मंदिरात द्वारपाळ होणं बरं, अशा अर्थाचं. मंडळीत त्यांना गमतीने द्वारपाळ म्हणायचेच, कारण वीस वर्षांत काका कधी बाकावर बसलेले कुणी पाहिले नव्हते. ते कायम मागच्या दाराशी भिंतीला पाठ लावून उभे असत.

म्हणजे दार काढून घेतलं आणि द्वारपाळाचं वचन हातात दिलं.

पुढच्या रविवारी काकांनी पहाटे चारला अंघोळ केली, ब्लेझर चढवला, त्यावर पदकं लावली आणि पलंगाच्या काठावर बसले. दुपारी एकपर्यंत. लेकीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, चिडली होती. "मॅडम, तुम्ही सांगितलं तसं केलं." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आत्महत्येचे विचार येतात का, हे मी त्याच संध्याकाळी काकांना सरळ विचारलं. वयस्क पुरुष, एकाकी, कामातून उठवलेला: अशा माणसाला हे विचारायला लाजायचं नसतं, आणि विचारल्याने ते डोक्यात भरतं हाही गैरसमज आहे. काका म्हणाले, "नाही. पण माझा उपयोग काय आता?" या उत्तरावर समाधान मानून गप्प बसायचं नसतं. लष्करातल्या निवृत्तांसाठी ईसीएचएसची पॉलिक्लिनिकं आहेत, तिथून तज्ज्ञांकडे चिठ्ठी मिळते. तशी चिठ्ठी घेऊन ते त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटले आणि औषध सुरू झालं. लाथा झाडण्याबद्दल मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवायला सांगितलं, कारण वयस्कांत झोपेतली अशी झटापट वेगळ्या आजारानेही होते आणि ती प्रत्येक वेळी स्वप्नांच्या खात्यावर टाकून चालत नाही.

चौथ्या भेटीत मी शहाणपणाचे प्रश्न सोडून दिले. पॅड आणि पेन पुढे सरकवलं. "रविवारी पहाटे पाचला तुम्ही चर्चला जाता. उपासना साडेआठला. साडेतीन तास काय करता, मला काढून दाखवा."

काकांना हे आवडलं. त्यांनी आधी पॅड सरळ केलं, मग उत्तर दिशा दाखवणारा बाण काढला. चर्चचं आवार, फाटक, कडुलिंब, पायऱ्या, हातपंप. मग फाटकाच्या डाव्या टोकापासून आवाराचे पट्टे पाडले. सरळ, समांतर, एकसारख्या रुंदीचे. एकेक पट्टा झाडून काढायचा, एक संपल्याशिवाय दुसऱ्यात पाय नाही. सगळं झाडून झालं की फक्कीची पिशवी घ्यायची आणि फाटकापासून पायऱ्यांपर्यंत दोन पांढऱ्या रेषा ओढायच्या.

"पार्किंगच्या?" मी विचारलं.

"नाही. माणसांच्या." पेन थांबलं. "लेन आहे ती. त्या दोन रेषांच्या आत चाललं की काळजी नाही."

मग बराच वेळ ते स्वतःच काढलेल्या त्या चित्राकडे बघत राहिले. मला वाटतं, वीस वर्षं दर रविवारी ओढलेल्या त्या रेषा म्हणजे काय, हे त्यांनाही त्या कागदावरच पहिल्यांदा दिसलं.

काका बॉम्बे सॅपर्सचे. खडकीत त्यांचं केंद्र आहे, मी रोज त्या रस्त्याने जाते. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, एवढंच माझं ज्ञान. पण सुरुंग पेरायचे, शत्रूच्या सुरुंगांतून आपल्या रणगाड्यांना वाट काढून द्यायची, हेही त्यांचंच काम. "युद्ध ३ डिसेंबरला लागलं," काका म्हणाले. "सोळाला ढाक्यात शरणागती झाली. आमच्या बाजूला, पश्चिमेला, सतराच्या रात्री आठला तोफा थांबल्या. लोकांनी पेढे वाटले. आमचं काम तिथून सुरू झालं मॅडम."

कारण आपण सरहद्दीवर घाईघाईत पेरलेले सुरुंग युद्ध संपलं म्हणून आपोआप निघत नाहीत. ती गव्हाची शेतं होती आणि शेतकरी परत यायचे होते. काका तेव्हा विशीत. पोटावर पडायचं, सळई तिरकी धरून जमिनीत खुपसायची, काही लागलं नाही तर बोटभर पुढे. लागलं तर हाताने माती बाजूला. मागे पांढरी फीत अंथरत जायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला साफ जमीन कुठली ते कळतं. असे महिने. तेरा दिवसांचं युद्ध सगळ्यांना माहीत आहे. ते महिने कुणाच्या भाषणात येत नाहीत.

घरच्यांची खात्री होती की एखादा मित्र डोळ्यांदेखत गेला असणार, असं काहीतरी मोठं गुपित असणार. मीही तेच धरून चालले होते. निघालं ते एवढंसं. एका शेतात किती सुरुंग पेरले त्याची नोंद होती. काकांच्या तुकडीने ते काढले, मोजले. तीन कमी भरले. पुन्हा शोधलं. तीन कमीच. वरिष्ठांना कळवलं, तारेचं कुंपण घातलं, पाट्या लावल्या आणि तुकडीला पुढच्या जागी जायचा हुकूम आला. मार्च महिना होता. गहू पिवळा पडायला लागला होता.

"पुढे काय झालं?"

"तेच तर माहीत नाही."

कुणी गेलं का? माहीत नाही. पुढच्या तुकडीला ते सापडले का? मोजण्यातच चूक होती का? माहीत नाही. पन्नास वर्षं हा माणूस तीन या आकड्याबरोबर झोपला आणि उठला. चर्चच्या खुर्च्या ते तीनदा मोजतात, हे लेकीने मला पहिल्याच दिवशी तक्रार म्हणून सांगितलं होतं.

त्यानंतर त्यांच्या डायऱ्या मागवल्या. काका रोज डायरी लिहितात, पलटणीतल्या रोजनाम्यासारखी, भावनेचा एक शब्द नाही. 'खुर्च्या दुरुस्त २२. रक्तदाते ४. दफन १, खड्डा सहा फूट, पाऊस.' अकरा वर्षांच्या डायऱ्या आम्ही दोघांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. फेब्रुवारी-मार्च आला की नोंदी दुप्पट होतात. घरचे म्हणायचे, लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस आहेत, पप्पा उपासतापास करतात, सेवा वाढवतात. लेंट असायचाच. पण ईस्टरची तारीख दरवर्षी हलते आणि लेंट तिच्यासोबत मागेपुढे सरकतो. काकांची धावपळ मात्र सरकत नव्हती. ती गव्हाला धरून होती.

याला नाव आहे. १९१५ साली चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द छापला. आघातानंतरचा मानसिक आजार, पीटीएसडी, हे नाव अमेरिकी निदानपुस्तिकेत आलं ते १९८० साली. म्हणजे काका शेतात पालथे पडून सळई खुपसत होते तेव्हा या दुखण्याला त्यांच्या पलटणीत काय, जगातही आजचं नाव नव्हतं. आणि हा आजार तरुणपणी दबून राहून म्हातारपणी वर येऊ शकतो. नोकरी, मुलं, धावपळ यांनी जे झाकलेलं असतं ते निवृत्तीत, आजारपणात, जोडीदार गेल्यावर उघडं पडतं. गुडघ्याने काकांना बसवलं, एवढंच झालं.

औषधाने झोप सुधारली. आमचं काम बोलण्याचं होतं. त्यात एक पद्धत मला फार उपयोगी पडते: दोषाच्या वाटण्या. एक वर्तुळ काढायचं आणि घडलेल्या गोष्टीची जबाबदारी कुणाकुणाची, तेवढे तेवढे तुकडे करायचे. मी वर्तुळ काढलं. काकांनी पेन घेऊन त्यात एकच शब्द लिहिला: मी.

"अख्खी भाकरी एकट्यालाच?" मी म्हटलं.

तेव्हा पहिल्यांदा हसले. पुढच्या तीन भेटी त्या भाकरीच्या वाटण्या करण्यात गेल्या. अंधारात, घाईत पेरणाऱ्यांचा एक तुकडा. नोंद लिहिणाऱ्याचा एक. हिवाळी पावसाने माती हलते, तिचा एक. वरून गेलेल्या रणगाड्यांचा एक. पुढे जायचा हुकूम देणाऱ्यांचा एक, पण त्यांच्यापुढेही आणखी शेतं होती, म्हणून तो काकांनी स्वतःच बारीक केला. ज्यांनी युद्ध लावलं त्यांचा तर राहिलाच होता, तो सगळ्यात मोठा निघाला. शेवटी 'मी'ला उरला एक चतकोरही नाही, नखाएवढा तुकडा. मी तो पुसायला सांगितला नाही. काकांनीही पुसला नाही. म्हणाले, "एवढा राहू दे. हा माझा आहे." मला ते पटलं. सगळा दोष धुऊन टाकायला निघालेला समुपदेशक समोरच्याच्या सद्सद्विवेकाचा अपमान करतो, असं माझं मत आहे. यावर माझ्या क्षेत्रातले काहीजण वाद घालतील.

श्रद्धेबद्दल. काकांना सगळ्यात जास्त छळत होतं ते हे की दर महिन्याला प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा प्रसाद घेतो, क्षमा मिळाली म्हणतो, आणि तरी झोप नाही. म्हणजे माझा विश्वासच कमी पडतो. त्यांनी आधी हे मंडळीतल्या एका ज्येष्ठांजवळ बोलून पाहिलं होतं आणि त्यांनी "अजून प्रार्थना करा" असं सांगून पाठवलं होतं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण हेच वाक्य हरिपाठ करणाऱ्याला, नमाज पढणाऱ्यालाही ऐकवलं जातं आणि माणूस दोन ओझी घेऊन घरी जातो. काकांच्या परवानगीने मी पाळकसाहेबांशी पुन्हा बोलले. आधीच्या चुकीची माफीही मागितली, त्यांनी त्यांच्या वाट्याची मागितली. त्यांनी काकांना जे सांगितलं ते मला सुचलं नसतं. पुनरुत्थानानंतरही येशूच्या हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा गेल्या नव्हत्या, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याच दाखवल्या होत्या, म्हणाले. काका त्यावर आठवडाभर काही बोलले नाहीत, पण चेहरा उतरला होता तो जरा वर आला.

आणि काम? काम परत दिलं. सगळं. ही माझ्या चुकीची दुरुस्ती.

सेवा हा काकांचा आजार नव्हता. ज्या पोराने शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन साफ करण्यासाठी जीव पणाला लावला, तोच म्हातारपणी मंडळीची जमीन झाडत होता. त्यात भीती होती आणि प्रेमही होतं, आणि दोन्ही एकाच झाडूत. झाडू हिसकावला की भीतीबरोबर प्रेमही गेलं. म्हणून आता लेकीसारखा प्रश्न घेऊन कुणी आलं की माणूस किती काम करतो हे मी विचारत नाही. मी विचारते, ते काम एखाद्या दिवशी चुकलं तर काय होतं? चुटपुट लागते की छाती धडधडते? त्यांच्याजागी दुसऱ्याने केलं तर चालतं का? आणि त्यांच्यासाठी कुणी काही केलं, नुसतं पाण्याचा पेला आणून दिला, तर तो ते घेऊ शकतात का? काका या तिन्हीत नापास होते. आजारपणात मंडळीतली माणसं भेटायला यायची तर हे काठी टेकत त्यांना चहा करायला उठायचे.

तेव्हा आमचा गृहपाठ असा ठरला की काका आवार झाडतील, पण फक्कीच्या रेषा नातू ओढेल. काकांनी बाजूला उभं राहायचं, बोलायचं नाही. पहिल्या रविवारी बारा वर्षांच्या त्या पोराने ज्या रेषा ओढल्या त्या बघून काकांना घाम फुटला. लेकीने मोबाइलवर फोटो पाठवला होता: एक रेष हातपंपाकडे वळलेली, मध्ये दोन हात रिकामी, फक्की सांडलेली. "मग?" मी पुढच्या भेटीत विचारलं. "मंडळी कशीही चालली," काका म्हणाले. "रेषा तुडवत. अर्धे तर गवतातून." थोडं थांबून: "काही झालं नाही."

हे 'काही झालं नाही' त्यांना पंधरा-वीस रविवार पाहावं लागलं. एकदा पाहून शरीराला पटत नाही. तिसऱ्या महिन्यात ते मागच्या दाराजवळच्या शेवटच्या बाकावर टेकले. काकू शेजारी जाऊन बसल्या. कुणी काही बोललं नाही, पाळकसाहेबांनी उपदेश मात्र त्या दिवशी जरा लांबवला म्हणे.

लेकीला मी काय उत्तर दिलं, तेही सांगते. तिला वडिलांचं युद्ध समजलं, पण लग्नात ते शेजारी उभे नव्हते हे दुःख त्याने कमी झालं नाही, आणि व्हावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. कारण कळलं म्हणजे हिशेब मिटला असं नसतं. ती स्वतंत्रपणे चार वेळा येऊन बोलली. वडिलांना सगळं सांगायला लावू नको, एवढं मी तिला बजावलं होतं. घरच्यांनी चौकशी लावली की माजी सैनिक खंदकात जातो. त्यापेक्षा त्यांच्या बाजूला बसून तेच काम करावं. तिने खुर्च्या मोजायला मदत केली. तीनदा. तिसऱ्यांदा मोजताना काकांनी तिला तो आकडा का, ते सांगितलं.

ज्यांच्या घरी असा कुणी आहे आणि माणूस दवाखान्याचं नाव काढू देत नाही, त्यांनी निदान स्वतः फोन करून विचारावं. १४४१६ ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

काका आता महिन्या-दोन महिन्यांनी येतात. लाथा कमी झाल्यात, गेल्या नाहीत. पायपुसण्याचा कोपरा अजून उचलतात. गेल्या फेब्रुवारीत त्यांचा एक फोन आला, कामाच्या वेळेत, आवाज गोंधळलेला. आम्ही ठरवल्याप्रमाणे त्यांनी त्या आठवड्यातला एक दिवस डायरीत कोरा ठेवला होता. ना रक्तदाता, ना ससून, ना चर्च.

"मॅडम, दहा वाजले. अशा दिवशी माणसं करतात काय?"

मी म्हटलं, मला काय विचारता, मंडळींना विचारा. घरातल्या.

पलीकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, मग काकूंचा, मग परत काका. "ती म्हणते मटार सोला."

पुढच्या भेटीला त्यांनी डायरी उघडून दाखवली. कोऱ्या दिवसाच्या पानावर एकच नोंद होती: 'मटार ३ किलो.' खाली, वेगळ्या अक्षरात, काकूंचं होतं: 'पावणेतीन.'